डोकं मागे, हात पुढे

ऑक्टोबर निम्मा सरत आला की बहारीनमध्ये एखाद्या संध्याकाळी लोक गाडीच्या काचा खाली करतात. उन्हाळाभर घरातून गाडीत, गाडीतून लिफ्टमध्ये आणि लिफ्टमधून ऑफिसात असं बरणीतल्या लोणच्यासारखं जगल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरची हवा तोंडावर येते. हवा म्हणजे काय, उत्तरेकडून आलेला धुळीचा झोत. पण तो भाजत नाही, एवढ्यावर माणसं खूश होतात. सुहेल तारा दिसला, आता उन्हाळा खलास, असं इथले म्हातारे ऑगस्टपासूनच सांगायला लागतात. आम्हाला तारा ओळखता येत नाही. शेजारच्या गाडीतून गाणं ऐकू आलं की आम्ही समजतो, काचा खाली झाल्या.

मी या हवेची वाट बघत नाही. ती आली की रिफातल्या मैदानांवरचे दिवे लागतात, खोट्या हिरवळीतल्या काळ्या रबरी चुऱ्याचा जळक्या टायरसारखा वास सुटतो आणि शिट्ट्या ऐकू येतात. परवा सिग्नलला थांबले होते, काच खाली होती. शिट्टी झाली आणि पाठोपाठ पॅडवर पॅड आदळल्याचा आवाज आला. ओलं पायपुसणं फरशीवर आपटावं तसा. सिग्नल हिरवा झालेला मला कळलाच नाही. मागचा हॉर्न वाजवत होता आणि मी स्टिअरिंग धरून बसले होते.

मी फिजिओथेरपिस्ट. माहेर यवतमाळचं. कॉलेजात ज्युदो खेळायचे, विद्यापीठाकडून खेळले, मग लग्न झालं आणि समीरबरोबर इथे आले. तो बँकेत, मी एका क्लिनिकमध्ये लोकांचे गुडघे आणि कंबरा बघते. आमचा निनाद लहानपणापासून दणकट. शाळेत क्रिकेटच्या वेळी त्याला अंपायर करायचे, कारण तो पळाला तर बाकीची मुलं हसायची. 'जाड्या' हा एक मराठी शब्द त्याच्या सगळ्या इंग्रजी बोलणाऱ्या मित्रांना येत होता. कुणी शिकवला देव जाणे.

आठवीत असताना तो एका मित्राबरोबर अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर गेला. हेल्मेट घालून, खांद्यांवर पॅड चढवून, एकमेकांना धडकत खेळतात तो फुटबॉल. कुठल्याशा कंपनीच्या कामासाठी इथे आलेला ब्रॅड नावाचा अमेरिकन माणूस मुलांचा संघ चालवायचा. सगळे त्याला कोच ब्रॅड म्हणत. त्याने निनादला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "वी नीड यू." माझ्या मुलाला असं कुणी म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.  घरी आल्यावर निनाद दारात बूट काढताना म्हणाला, "मॉम, दे नीड मी."

त्या शब्दांसाठी मी त्या खेळाला काय वाटेल ते द्यायला तयार होते. दिलंही.

खेळ मला हळूहळू कळला. एक मुलगा चेंडू फेकतो, तो क्वार्टरबॅक. कोचचा मुलगा कोडी आमचा क्वार्टरबॅक होता. समोरची मुलं त्याला पाडायला धावून येतात. त्यांना अडवायला कोडीच्या पुढ्यात पाच जाडजूड मुलं ओळीने उभी असतात, त्या ओळीला लाइन म्हणतात. मधला सेंटर, म्हणजे निनाद. या पाचजणांना चेंडू मिळत नाही. ते पळत नाहीत, गोल करत नाहीत. त्यांनी फक्त समोरच्याला अडवायचं. माइकवर त्यांचं नाव येतं ते त्यांनी चूक केली तरच. या पाचजणांना शिकवायला त्या वर्षी कुणी नव्हतं. बाबालोक येत ते सगळे कोडीला फेकायचं कसं ते सांगायला.

मी गाडीत बसून बघायची. मुलं कमरेतून वाकत होती, गुडघ्यातून बसतच नव्हती. धक्का बसला की सरळ उभी राहायची आणि मागे कोसळायची. माझ्याने बघवेना. एका संध्याकाळी उतरले, कुंपणातून आत गेले आणि कोचला म्हटलं, ही मुलं पाय असून पायांवर उभी नाहीत. कोच हसला. इंग्रजीतच बोलायचा तो, मी आपल्या भाषेत सांगते. म्हणाला, "मग तुम्हीच उभं करा त्यांना, मिस व्ही." वैशाली त्याला कधी म्हणता आलं नाही.

पहिल्या दिवशी मी पाचही जणांना उकिडवं बसायला सांगितलं. टाचा जमिनीला टेकवून. एकालाही जमेना. कमोडवर वाढलेली मुलं ती, घोटे लाकडासारखे. धपाधप मागे पडली आणि हसत सुटली. मग मी कित्येक दिवस त्यांना फक्त बसवलं. दोन खांबांना कमरेच्या उंचीवर दोरी बांधली आणि तिच्याखालून बसूनच पुढे सरकायला लावलं. जो ताठ झाला त्याचं हेल्मेट दोरीला लागायचं. काखेत नॅपकिन धरायला दिले, कोपरं अंगाला चिकटून राहावीत म्हणून. नॅपकिन पडला की पुन्हा पहिल्यापासून. पहिलं पाऊल वीतभरच टाकायचं, जास्त नाही. हात समोरच्याच्या छातीवर आतून, अंगठे वर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोकं मागे. कपाळ घेऊन घुसायचं नाही. डोकं मागे ठेवलं की नजर वर राहते आणि मान वाचते. "डोकं मागे, हात पुढे!" मी मराठीतच ओरडायची. ती मुलं वेगवेगळ्या देशांतली, पण हे चार शब्द सगळ्यांना पाठ झाले. एक बहारिनी मुलगा तर उत्तरादाखल त्यांचं अरबी ‘चला’ जोडून ओरडायचा, "यल्ला, डोकं मागे!"

मला ते दिवस आठवले की आधी वास येतात. हेल्मेटच्या आतल्या ओल्या स्पंजचा. निनादच्या मोज्यांचा. दातांवर घालायचं ते रबराचं कव्हर गरम पाण्यात मऊ करून चावून बसवावं लागतं. निनादने ते माझ्या चहाच्या पातेल्यात उकळलं होतं आणि दुसऱ्या दिवशी समीर म्हणाला, आज चहाला रबराचा वास का येतोय? कपड्यांच्या मशीनमध्ये काळा चुरा निघायचा. गाडीच्या सीटखाली अजून निघतो.

निनादच्या डाव्या हाताला उभा राहायचा तो हमजा. घर अरादला, मूळचे चिपळूणकडचे. वडील इक्बालभाई अस्करच्या कारखान्यात फोरमन, शिफ्टवर असले की त्याला आणायला-सोडायला कुणी नसायचं. मग आम्हीच न्यायचो. शबानाभाभी, त्याची आई, दारात उभी राहून डबा द्यायची. "ताई, दोघांनी खायचा हाय, नायतर हा एकटाच संपवेल." हमजा निनादपेक्षा बुटका, पण काय बसायचा तो! मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या अंगात जाऊन बसायची. एकदा त्याने आपल्यापेक्षा हातभर उंच मुलाला असं अलगद बाजूला लोटलं की तो मुलगा आपण कसे सरकलो म्हणून स्वतःच बघत राहिला. हमजाने माझ्याकडे वळून पाहिलं. हेल्मेटच्या जाळीआड त्याचे सगळे दात दिसत होते.

आम्ही जिंकायला लागलो. कोडीला कुणी हात लावू शकेना. लोक कोडीचं कौतुक करायचे. कोच म्हणायचा, त्याचा हात बघा, अमेरिकेतल्या शाळांना व्हिडिओ पाठवणार आहे मी. मग एकदा इक्बालभाईंनाही म्हणाला, तुमच्या मुलाचाही पाठवीन. इक्बालभाई त्या दिवशी शिफ्टवरून थेट आले होते, डोळे लाल. पुढच्या आठवड्यापासून ते शक्य असेल तेव्हा मैदानावर येऊन उभे राहायला लागले.

फायनलच्या आधीच्या आठवड्यात ते झालं. राष्ट्रीय दिवस जवळ आला होता, रस्त्यांवर लाल-पांढरे दिवे लागले होते. साधी प्रॅक्टिस चालू होती. कोचने मुलांना समोरासमोर पळवत आणून धडकवायचा एक प्रकार काढला. मी नको म्हटलं होतं. लांबून पळत आलेलं पोर हात पुढे करत नाही, डोकंच घालतं. कोच म्हणाला, फायनलच्या आधी थोडी आग लागायला हवी. हमजासमोर एक मोठा मुलगा होता. तो आला डोकं खाली घालून. हमजाचं डोकं मागेच होतं, मी पाहिलं. त्याने काहीच चुकवलं नाही. तरी तो मुलगा त्याच्या हनुवटीखाली घुसला आणि हमजा मागे पडला तो डोक्यावर.

उठला. हसला. पण उठून चुकीच्या बाजूला चालायला लागला.

मी त्याला बाकावर बसवून बोलतं केलं. आज कोणता वार? सांगितला. आत्ता कुणाबरोबर आलास? निनादबरोबर. बरं, वर्षाचे महिने उलटे म्हण. "डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." थांबला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "आंटी, नंतर काय?" मग त्यानेच मला विचारलं, "आंटी, आपण कुणाबरोबर आलो?" 

मी कोचला स्पष्ट सांगितलं, हा शुक्रवारी फायनल खेळणार नाही. त्या रात्री इक्बालभाईंना फोन करून सांगितलं, डॉक्टरांना दाखवा, अंधारात झोपवा, मोबाईल देऊ नका. मेंदूला मुका मार आहे, तो बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर खेळ बाजूला राहील, पोराचं वाचणं-शिकणं बंद पडेल. ते "हो मॅडम, हो मॅडम" म्हणाले.

त्या आठवड्यात निनादच्या खोलीतून बोलण्याचा आवाज यायचा. व्हिडिओ कॉल चालू असायचा. "अगेन," निनाद म्हणायचा. "फास्टर." मला वाटलं, परीक्षा जवळ आलीय, पाठांतर चाललंय. बरं वाटलं मला. वर्गातल्या कुणाचा तरी अभ्यास घेतोय पोरगा.

गुरुवारी शेवटची प्रॅक्टिस. मी गेले तर हमजा पॅड चढवून उभा. मी कोचकडे धावले. कोच शांतपणे म्हणाला, "मिस व्ही, तुमचीच परीक्षा घेऊ. तुमच्यासमोर." आणि त्याने हमजाला महिने उलटे विचारले. हमजाने ते एका दमात म्हटले. डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत, न अडखळता, पाढे म्हणावे तसे. म्हणताना त्याची नजर माझ्या मागे होती. मी वळून पाहिलं. मागे निनाद उभा होता, त्याचे ओठ हलत होते.

एवढा लख्ख प्रकाश माझ्या डोक्यात त्याआधी कधी पडला नव्हता, पुन्हा पडूही नये.

"यांनी घोकून घेतलंय," मी म्हटलं. "माझ्या मुलानेच पाठ करून घेतलंय त्याच्याकडून. विचारा त्याला."

सगळे पालक ऐकत होते. निनादने हेल्मेट डोक्यात घातलं. जाळीमागून त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी कुणाला सांगितलेली नाही. कोच म्हणाला, "मुलगा ठीक आहे म्हणतो, बाप ठीक आहे म्हणतो. तुम्ही डॉक्टर नाही. आणि खरं सांगू, उद्या तुमची गरज नाही."

इक्बालभाई तिथेच होते. मी त्यांच्याकडे गेले. ते जमिनीकडे बघत बोलले, "मॅडम, मी वीस वर्षं भट्टीजवळ काढली. याला ते नको. एक मॅच आहे. इंशाल्ला, काही होणार नाही." बाकीचे आई-बाप मोबाईल काढून बघायला लागले. ज्यांच्या मुलांना मी उभं राहायला शिकवलं त्यातलं एकही माणूस "थांबा जरा" म्हणालं नाही. एक बाई तर गाडीपर्यंत सोबत आल्या आणि समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही फार मनाला लावून घेता."

घरी समीर म्हणाला, "त्याचे आई-बाप आहेत ना ठरवायला? तू कशाला मध्ये पडतेस?" निनाद जेवला नाही. खोलीच्या दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "मॉम, प्लीज. डोंट कम टुमॉरो."

शुक्रवारी ते दोघं गेले, मी घरी राहिले. त्या दुपारी मी कपाटातले सगळे कपडे काढून पुन्हा घड्या घातल्या. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. सगळी मुलं गुडघ्यावर बसलेली, मध्ये कोडी, त्याच्या हातात कप. मी फोटो मोठा करून हमजाला शोधलं. तो कडेला होता. सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे, त्याचे मिटलेले.

अंधार पडता पडता शबानाभाभींचा फोन आला. "ताई, हमजा ओकतोय. लाइट बंद करा म्हणून रडतोय. हे शिफ्टवर गेलेत. तुमी येताव?" मी अरादला कशी पोचले ते मला आठवत नाही. त्याला मागच्या सीटवर आडवं केलं, त्याच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधली. हॉस्पिटलच्या वाटेवर सगळीकडे ते लाल-पांढरे दिवे. शबानाभाभी त्याचं डोकं मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी त्याचे कान झाकत होती.

मेंदूत रक्तस्राव नव्हता. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि कोचने ग्रुपवर "ही इज फाइन" लिहिलं, पुढे हाताचा अंगठा. पण हमजा फाइन झालाच नाही. त्याला फळ्याकडे बघवेना. पुस्तकातल्या ओळी हलतात म्हणायचा. वर्गातल्या गोंगाटाने उलटी व्हायची. हसरा मुलगा, तो बहिणीवर हात उगारायला लागला. वर्ष बुडालं. डॉक्टर म्हणाले वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही. उन्हाळ्यात शबानाभाभी त्याला घेऊन चिपळूणला गेली ती गेलीच. इक्बालभाई अरादच्या त्या घरात एकटे. मध्यंतरी रिफाच्या मॉलमध्ये दिसले. मला पाहून सरकत्या जिन्यावरून वर निघाले होते ते उलटे खाली उतरायला लागले.

कोच ब्रॅडची बदली झाली. निरोपाची पार्टी झाली, समीर आणि निनाद गेले होते. कोडी आता अमेरिकेत कुठल्याशा शाळेत खेळतो म्हणे. व्हिडिओ कामी आला.

चूक आपली नसली की शांत झोप लागते, असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. मी बरोबर होते, पहिल्या मिनिटापासून बरोबर होते, आणि त्या बरोबर असण्याचं मी काय करू? ते कुणाला नको होतं तेव्हाही, आणि आता तर मुळीच नको आहे. आमच्या घरी त्या शुक्रवारबद्दल कुणी बोलत नाही. निनाद आणि मी जेवणाचं बोलतो, अभ्यासाचं बोलतो. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. पूर्वीही असंच होतं. पूर्वी मला ते खुपत नव्हतं.

आणि तो अजून खेळतो. मी अडवलं नाही. अडवून काय झालं असतं, दार आणखी जोरात लागलं असतं. या वर्षी नवा कोच आलाय, त्याचा फोन आला होता. फार अदबीने म्हणाला, तुमच्यासारखं लाइनला शिकवणारं इथे कुणी नाही असं ऐकलंय, याल का? मी विचारलं, कुणाकडून ऐकलंत? म्हणाला, मुलं सांगतात. मी नाही म्हटलं. मागच्या आठवड्यात निनादला आणायला लवकर पोचले, तेव्हा कुंपणाबाहेर गाडीतूनच जरा वेळ बघितलं. तो खाली बसला होता, टाचा टेकलेल्या, पाठ सपाट. वीतभर पाऊल. कोपरं आत. सगळं माझं. एकही गोष्ट विसरला नव्हता. मी काच वर केली आणि एसी लावला.

काल दुपारी शबानाभाभींचा फोन आला. अधूनमधून करते. हमजा आता सकाळी थोडा वेळ शिकवणीला जातो म्हणाली, कान झाकायच्या टोप्या घालून. "तो बोलूचा म्हणतोय तुमच्याशी," म्हणाली आणि फोन त्याच्याकडे दिला.

आवाज फुटला होता त्याचा. मोठ्या माणसाचा आवाज. "आंटी, एक विचारायचं होतं. फायनलचा व्हिडिओ अम्मीने ठेवलाय, पण स्क्रीन बघितली की माझं डोकं ठणकतं. आणि मला तर काहीच आठवत नाही त्या दिवसाचं. बिलकूल मफी, शून्य. तुम्ही सांगा ना, कशी झाली मॅच?"

"मी नव्हते रे तिथे," मी म्हटलं.

"ओह," तो म्हणाला. त्याला तेही आठवत नव्हतं. "निनाद आहे?"

निनाद समोरच होता, सोफ्यावर बसून प्रॅक्टिसच्या बुटांची नाडी बांधत होता. फोन स्पीकरवर होता, त्याने सगळं ऐकलं होतं. मी फोन पुढे केला. त्याने घेतला, स्पीकर तसाच राहिला. आणि तो सांगायला लागला. मराठीत. मोडक्यातोडक्या, मधूनमधून इंग्रजी शब्द टाकत, पण मराठीत. चिपळूणला राहून हमजाचं इंग्रजी मागे पडलं असेल असं त्याला वाटलं की काय, मला माहीत नाही. सुरुवातीला ते कसे मागे होते, कोडी कसा घाबरला होता, मग कसे पुढे गेले. छान सांगत होता. हमजा मधेच "सच?" म्हणायचा, हसायचा.

मग एका ठिकाणी निनाद थांबला.

"फिर?" हमजाने विचारलं. "मग काय झालं?"

"मग जिंकलो."

"आणि मी? मी कुठे होतो?"

निनादच्या हातात नाडीचं टोक होतं. ते त्याने बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तू माझ्या बाजूला होतास," तो म्हणाला. "पूर्ण टाइम. यू वेअर ग्रेट."

हमजा पलीकडे खूप हसला. मग शबानाभाभींचा आवाज आला. "ताई, किती दिवसांनी हसला बघा."

निनादने फोन माझ्या हातात दिला, माझ्याकडे न बघता. बॅग खांद्याला लावली, हेल्मेट उचललं आणि प्रॅक्टिसला निघून गेला.